पंधरावं अंडं

कोंबड्या अकरा होत्या की बारा, यावर हल्ली मी सकाळी स्वतःशीच वाद घालतो. माझ्या वहीत अकरा लिहिलंय. पण ती वही मीच लिहिलेली, त्यामुळे तिच्यावर किती विसंबावं हा प्रश्न उरतोच. जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, त्यात पीएचडी केली, आणि आता एक्याऐंशीव्या वर्षी आपल्याला अकरापर्यंत नीट मोजता येतं की नाही याची खात्री नाही. बायकोला विचारलं, तर नलिनी म्हणाली, "तुम्ही ही गोष्ट मला तीनदा सांगितलीत. एकदा कोंबड्या नऊ होत्या, एकदा अकरा. तिसऱ्यांदा मला झोप लागली."

किस्से साठतात कसे, हेही मला नीट कळलेलं नाही. घडत असताना त्यात किस्सा असा काही नसतो. पायाला मुंग्या आलेल्या असतात, डोक्यावर ऊन असतं, आणि आपण इथे का आलो असं वाटत असतं. मग पुढे कधीतरी चहाला बसल्यावर कुणीतरी म्हणतं, "ते हेल्मेटचं सांग रे," आणि एकामागून एक सगळे बाहेर पडतात. आमच्यात असं म्हणणारी माणसं आता फारशी राहिली नाहीत. म्हणून लिहून ठेवतो. चुकलं असेल तिथे समजून घ्या.

माणसं थोडीच आहेत. वसंता गद्रे हा माझा कॉलेजपासूनचा मित्र. कारखान्यात यंत्रांची डिझाइन्स करायचा. निवृत्त झाल्यावर तो आणि कुसुमवहिनी वाघोलीला स्वतःच्या प्लॉटवर घर बांधून राहायला गेले. तेव्हा तिथे शेतं होती, नंतर चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले. दुसरे कांबळेसाहेब. महसूल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि निवृत्तीनंतरही आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो, कारण दुसरं काही तोंडात बसत नसे. तिसरा मी. शनिवार पेठेतून दोन बस बदलून आठवड्यातले तीन-चार दिवस तिकडे जायचो. आणि हौसाबाई. वाघोलीच्या जुन्या गावातल्या. वसंताकडे स्वयंपाकाला यायच्या आणि आम्हा तिघांपैकी कुणाचंही काही ऐकायच्या नाहीत.

कोंबड्या कुसुमवहिनींच्या. गावरान, दिवसभर मोकळ्या. वस्तीत कुठेही बाळंतीण असली की तिच्या घरी रोज दोन अंडी पोचवायची, हा वहिनींचा नियम. वसंता स्वतः अंडं खात नसे. पण वहिनी गेल्यावर तो नियम त्याने एक दिवसही मोडला नाही.

* * *

अडचण अशी होती की कुठली कोंबडी कुठे अंडं घालते हे फक्त वहिनींना माहीत होतं. त्या सकाळी कुंपणाकडेने एक फेरी मारायच्या आणि पदरात सात-आठ अंडी घेऊन यायच्या. वसंता तासभर काठीने गवत उचकटायचा, तेव्हा त्याला तीन सापडायची.

एका सकाळी घाणेरीच्या झुडपात तो अंड्यासाठी वाकला आणि घसरला. मनगट मोडलं. हौसाबाई येईपर्यंत दोन तास तिथेच पडून होता. अंडं मात्र दुसऱ्या हातात शाबूत होतं.

त्याची मुलगी मेधा बंगळूरहून विमानाने आली. शांत मुलगी. आवाज न चढवता म्हणाली, "बाबा, कोंबड्या सोडा असं मी म्हणत नाही. पण तुम्ही झुडपात शिरायचं नाही. अंडी तुमच्या कमरेच्या उंचीला, पेटीत आली पाहिजेत. दिवाळीला मी येईन आणि पेट्या उघडून बघेन. रिकाम्या असल्या, तर तुम्ही माझ्याबरोबर बंगळूरला."

"आणि ह्या?" वसंताने अंगणाकडे बोट दाखवलं.

"हौसाबाई नेतील."

हौसाबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "नेईन की. पर ताई, माझ्या घरात पाच नातवंडं हायती, आन् सगळ्यांना रस्सा आवडतो. मी आपलं आधीच सांगून ठेवती."

मेधा गेल्यावर वसंता माझ्याशी एवढंच बोलला, "तिचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे रे. तिथे सकाळी ओरडतं कोण?"

गणपती नुकतेच झाले होते. हातात दीड महिना होता.

* * *

वसंताचा उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे डिझाइन त्याचं आणि सुतारकाम आमचं. त्याने डाव्या हाताने नकाशा काढला, तीन बाजूंनी. मग मला म्हणाला, "कोंबडीची मापं घेऊन ये."

मी टेप घेऊन गेलो. एक कोंबडी धरायला मला चाळीस मिनिटं लागली, आणि धरल्यावर ती मला लांबीला बारा इंच आणि लगेच नंतर सतरा इंच भरली. मी दोन्ही आकडे आणि त्यांची सरासरी लिहून दिली. वसंताने कागद बघितला आणि म्हणाला, "तू माझ्या हाताखाली नव्हतास हे कारखान्याचं नशीब."

आठ दिवसांत सहा पेट्या झाल्या. कोंबड्यांच्या जाळीच्या खोलीत, कमरेच्या उंचीवर, एका ओळीत. पुढे चढायला फळी, मागे झाकण, आत पेंढा. कांबळेसाहेबांनी करवत चालवली. म्हणाले, "नोकरीत असताना मी करवतीला हात लावला असता, तर युनियनने मोर्चा काढला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं एकेक झाकण उघडत गेलो. सहाही पेट्या रिकाम्या. पहिलं अंडं सापडलं ते सुतारकामाच्या टेबलाखाली, आम्ही झाडून गोळा केलेल्या भुशाच्या ढिगात.

कांबळेसाहेबांनी ते अंडं उचलून नीट बघितलं. म्हणाले, "सरकारी क्वार्टर्सचं असंच होतं. माणसं मागच्या शेडमध्ये राहतात."

* * *

हौसाबाईंचं म्हणणं, पेटीत खोटं अंडं ठेवा. "एकीनं घातलेलं दिसलं की दुसरी तिथंच घालती. कोंबडी हाय ती, बायामाणसासारखीच. आधी कोण बसलंय बघती, मग बसती."

खोटं अंडं आणायचं काम माझ्याकडे आलं. बुधवार पेठेत तासभर हिंडलो. शेवटी पूजेच्या आणि संगमरवरी वस्तूंच्या एका दुकानात विचारलं, "संगमरवरी अंडं मिळेल का?"

मालक पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "कशाला?"

खोटं बोलायला मला सुचत नाही. म्हणालो, "कोंबडीला दाखवायचंय."

त्यांनी पेपर खाली ठेवला. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मागच्या फडताळातून एक अंडं काढून पुसून दिलं आणि म्हणाले, "कोंबडीला पसंत पडलं नाही तर परत घेणार नाही. आधीच सांगतो."

एकच होतं. म्हणून बाकीच्या पेट्यांसाठी मी टेबलटेनिसचे पाच चेंडू घेतले. ते कोंबड्यांनी अर्ध्या तासात पायाने उकरून बाहेर टाकले आणि वाऱ्याने ते शेजारच्या सोसायटीत गेले. संध्याकाळी तिथल्या दोन लहान मुली पाचही चेंडू ओंजळीत धरून आल्या. फाटकाशी उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या कोंबडीची अंडी. आम्ही एकही फोडलं नाही."

संगमरवरी अंड्याचा मात्र उपयोग झाला, म्हणजे नको तितका झाला. एक तांबडी कोंबडी त्या पेटीत शिरली, अंड्यावर बसली आणि उठेचना. खुडूक झाली, म्हणजे उबवायलाच बसली. हात घातला की चोच मारायची. तीन आठवडे ती त्या दगडावर बसून होती, खात नव्हती, पीत नव्हती म्हटलं तरी चालेल. कांबळेसाहेब म्हणायचे, "पहिली कायम नेमणूक."

मला तिच्याकडे बघवत नसे. इतकी निष्ठा, इतके दिवस, आणि खाली संगमरवर. माझा एक शोधनिबंध आठवायचा. त्यावर मी अकरा वर्षं बसलो होतो.

* * *

आपण काहीच मोजत नाही हेच चुकतंय, असं मी ठरवलं. आधी निरीक्षण. कुठली कोंबडी, किती वाजता, कुठे. मी जाळीच्या खोलीत पेट्यांसमोर स्टूल टाकलं, मांडीवर वही घेतली आणि सकाळी साडेसात ते अकरा असा पाच दिवस बसलो.

पाच दिवसांत त्या खोलीत एकही अंडं पडलं नाही. एखादी कोंबडी यायची, फळीवर चढायची, पेटीत डोकवायची, मग मान तिरकी करून माझ्याकडे बघायची आणि उतरून निघून जायची. मी वेळ लिहून घ्यायचो.

पाचव्या दिवशी हौसाबाई चहा घेऊन आल्या. मला बघून तिथेच थांबल्या.

"साहेब, तुम्ही लई शिकलेले न्हाई का?"

"हो, म्हणजे तसा."

"मग बाळंतिणीच्या खोलीत वही घेऊन कुणी बसतं व्हय?"

मी स्टूल उचललं. दुसऱ्या दिवशी पेट्यांच्या तोंडाला पडदे लावायचे म्हणून नलिनीकडे जुनी साडी मागितली. तिने कपाटातून एक निळी साडी काढून दिली आणि म्हणाली, "आपल्या बेडरूमला पडदे हवेत हे मी तुम्हाला लग्न झाल्यापासून सांगतेय. कोंबड्यांनी नेमकं कसं सांगितलं, तेवढं मला शिकवा."

* * *

आता ते हेल्मेटचं. शेजारच्या सोसायटीत एक तरुण मुलगा भाड्याने राहायचा, आयटीतला, विदर्भातून आलेला. एका सकाळी तो हातात हेल्मेट घेऊन फाटकाशी आला. हेल्मेट त्याने पाण्याने भरलेलं पातेलं धरावं तसं दोन्ही हातांनी सरळ धरलं होतं.

"अंकल, सॉरी हं, पण तुमच्या हेनने माझ्या हेल्मेटमध्ये अंडं दिलं. बाइकवर ठेवलं होतं. मी वेट केला, म्हटलं ती उठेल. ती बसूनच होती. मला मीटिंगला लेट झालं. आता मॅनेजरला मी रीझन काय सांगू?"

वसंता ओशाळला. मी माफी मागायला लागलो. कांबळेसाहेबांनी शांतपणे कागद मागितला, पेन काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: प्रमाणित करण्यात येते की, सदर इसमाचे शिरस्त्राण आज सकाळी आठ ते पावणेनऊ या वेळेत एका कोंबडीच्या ताब्यात होते व त्यामुळे त्यांस कामावर वेळेत हजर होता आले नाही. यात त्यांचा कोणताही दोष नाही. खाली सही, आणि कंसात निवृत्त.

संध्याकाळी तो मुलगा पुन्हा आला. "अंकल, मॅनेजरने लेटर फ्रेम करून लावलंय." मग जरा घुटमळून म्हणाला, "अजून एक मिळेल का? पुढच्या गुरुवारसाठी?"

* * *

एक दुपार आठवते. तिच्यात हसण्यासारखं फार काही नाही, पण ती इथेच येते.

वसंता अंगणात खुर्चीवर बसून ज्वारी टाकत होता आणि एका कोंबडीला म्हणत होता, "अहो, जरा सरका. त्यांनाही खाऊ द्या."

मी विचारलं, "कोंबडीला अहो?"

"कुसुमनं प्रत्येकीला नाव ठेवलं होतं. ती नावाने हाक मारायची आणि बरोबर तीच यायची." तो ज्वारीकडे बघत होता. "मी कधी विचारलंच नाही, कुठली कोण. वाटलं, तिला माहीत आहेत ना. आता चुकीच्या नावाने हाक मारण्यापेक्षा अहो बरं."

जाताना कांबळेसाहेबही वाटेत आलेल्या कोंबडीला वळसा घालून गेले.

* * *

दिवाळीला तीन आठवडे उरले तेव्हा हौसाबाईंनी शेवटचा उपाय सांगितला. कोंबड्या सकाळी सोडायच्याच नाहीत. दहापर्यंत जाळीच्या खोलीत कोंडून ठेवायच्या. बहुतेक सकाळीच घालतात, तर आतच घालतील.

वसंता म्हणाला, "कुसुमनं त्यांना कधी उजाडल्यावर कोंडलं नाही."

"मग जावा बंगळूरला," हौसाबाई म्हणाल्या.

वसंताने रात्रभर विचार केला आणि मधला मार्ग काढला. कोंबड्यांना कोंडायचं, पण तोही त्यांच्याबरोबर आत बसणार. रोज साडेसहाला तो खुर्ची आणि पेपर घेऊन आत जायचा, पेट्यांकडे पाठ करून बसायचा आणि दहाला सगळे मिळून बाहेर यायचे. कधीमधी मोठ्याने एखादी बातमी वाचायचा. नवल म्हणजे चार दिवसांत पेटीत पहिलं अंडं आलं. मग कधी दोन, एकदा तीन. तीही सगळी एकाच पेटीत. बाकीच्या पाच मोकळ्या असताना कोंबड्या त्या एकीसमोर फळीवर रांग लावून उभ्या राहायच्या.

ही रांग बघायला एका सकाळी मी आणि कांबळेसाहेबही आत गेलो. दार ओढून घेतलं आणि बाहेरची कडी आपोआप पडली. फोन तिघांचेही घरात चार्जिंगला. हाका मारल्या, पण रस्त्यावरच्या ट्रकांपुढे आमचे आवाज कुठे पोचणार? तासभर आम्ही बसून होतो. एक इंजिनिअर, एक निवृत्त उपजिल्हाधिकारी, एक प्राध्यापक आणि अकरा कोंबड्या. अधूनमधून कोंबड्या आमच्याकडे बघायच्या आणि आपसात बोलायच्या.

शेवटी हौसाबाई आल्या. जाळीतून आत बघितलं. कडी न काढता विचारलं, "घातलं का कुणी?"

* * *

दिवाळीच्या आठ दिवस आधी पेट्या पुन्हा रिकाम्या झाल्या. कोंबड्यांची पिसं गळायला लागली. माना उघड्या, शेपट्या अर्ध्या. हौसाबाई म्हणाल्या, "पिसं झडत्यात. आता कशाची अंडी. नवी पिसं फुटंस्तवर वाट बघायची."

मेधाचं तिकीट वसुबारसेचं होतं.

वसंता तरीही रोज साडेसहाला आत जाऊन बसायचा, दहाला बाहेर यायचा. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी गेलो तर त्याने एक बॅग भरून कोपऱ्यात ठेवली होती. वर वहिनींचा फोटो, पेपरात गुंडाळून.

मी घरी आलो आणि जन्मात केलं नव्हतं ते करायचं ठरवलं. पेठेतल्या दुकानातून चार गावरान अंडी आणली, फ्रिजमध्ये ठेवली. चारच का, तर अकरांतली एक दगडावर बसून थकलेली, दोन म्हाताऱ्या, बाकीच्यांची पिसं झडलेली, तेव्हा चार हा आकडा कुणालाही संशय येणार नाही असा होता. मी त्याचा कागदावर हिशोबही केला. रात्री झोप लागली नाही. सकाळी पहिल्या बसने निघालो, अंडी डब्यात, डबा मांडीवर. साडेसातला पोचलो. मुलगी येणार म्हणून वसंता दाढी-आंघोळ करत होता. मी सहाही झाकणं उघडून बघितली. सगळ्या पेट्या रिकाम्या. पहिल्या दोन पेट्यांत दोन-दोन अंडी ठेवली आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो.

आठला कांबळेसाहेब आले. कोंबड्यांना दाणे टाकतो म्हणून आत गेले, ते बऱ्याच वेळाने बाहेर आले. हौसाबाई पाणी बदलायला गेल्या. मी माझ्याच धास्तीत होतो.

साडेनऊला मेधा आली. बापाच्या पाया पडली, बास्केट घेतली आणि सरळ जाळीच्या खोलीत गेली. मागे आम्ही चौघं. तिने पहिलं झाकण उघडलं. एकेक अंडं उचलून क्षणभर तळहातात धरायची आणि बास्केटमध्ये ठेवायची. मला वाटलं, आईसारखीच मायाळू आहे. पहिल्या पेटीत पाच निघाली. मी दोन ठेवली होती. दुसरी पेटी, तिसरी, चौथी, पाचवी. ती धरायची, ठेवायची. सहावीत एक होतं. ते तिने जरा जास्त वेळ हातात धरलं.

मग बास्केट खाली ठेवून म्हणाली, "पंधरा."

तिने कोंबड्या मोजल्या. मग आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे. "अकरा कोंबड्यांची पंधरा?"

मी जमिनीकडे बघत होतो. कांबळेसाहेब आढ्याकडे.

हौसाबाई म्हणाल्या, "सणाचं हाय, ताई."

मेधा हसली नाही. ती वडिलांकडे वळली आणि म्हणाली, "बॅग उघडा, बाबा. आईचा फोटो जागेवर लावा. आणि झुडपात जायचं नाही."

वसंताने चष्मा काढून पुसला. मग त्या पिसं झडलेल्या कोंबड्यांकडे वळून, नेहमीच्या सभ्यपणे म्हणाला, "अहो, आभारी आहे."

फाटकाशी कांबळेसाहेब मला हळूच म्हणाले, "लक्ष्यापेक्षा जास्त उत्पादन झालं की चौकशी लागते." आणि तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

* * *

वसंता त्यानंतर पाच वर्षं तिथेच राहिला आणि तिथेच गेला. कोंबड्यांना शेवटपर्यंत अहो म्हणत होता. बाळंतिणींची अंडी चुकली नाहीत.

त्याच्या तेराव्याला जेवून आम्ही ओट्यावर बसलो होतो. कांबळेसाहेब एकदम म्हणाले, "प्रोफेसर, त्या दिवशी मी चार ठेवली होती. घरच्या फ्रिजमधून आणलेली."

मी म्हणालो, "मीही चारच."

आत भांडी घासणाऱ्या हौसाबाई तिथूनच म्हणाल्या, "माझी सा. माठाखालच्या ओल्या वाळूत ठिवली हुती आठ दिस."

चार, चार आणि सहा. चौदा. कांबळेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "मग पंधरावं वसंताने ठेवलं असेल. दुसरं कोण?"

ते मला फार लागलं. केसाएवढा फरक पडला म्हणून कारखान्यात पूर्ण लॉट भंगारात काढायला लावणारा हा माणूस. आम्ही तिघांनी लबाडी केली त्याचं मला काही वाटत नव्हतं. आम्ही तसेच होतो. पण त्यानेही, पोटच्या मुलीसमोर, एक अंडं आणून ठेवलं असेल? एकच? आणि मग बाकीची चौदा बघून त्याला काय वाटलं असेल? पुढे कांबळेसाहेबही गेले. मी हा प्रश्न घेऊन रात्री-अपरात्री वही उघडून बसायचो. वहीत त्या दिवशीचा एवढाच आकडा आहे, पंधरा.

गेल्या वर्षी मेधा घर आवरायला आली होती, तेव्हा आमच्याकडे चहाला आली. नलिनी आत गेल्यावर मी विचारलं. म्हणजे आधी माझ्या चार अंड्यांची कबुली दिली, मग बाकीच्यांची, मग विचारलं.

ती कप खाली ठेवून म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं, काका. आईनं लहानपणीच शिकवलं होतं, अंडं उचललं की आधी तळहातात धरायचं, नुकतंच घातलेलं असलं तर गरम लागतं. चौदा गार होती. काहींना तर पाणी सुटलं होतं."

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"शेवटच्या पेटीतलं गरम होतं."